भाऊंचं कॅमेऱ्याचं ठरेना

चप्पल घ्यायची झाली तरी भाऊ आठ दिवस आधीपासून लोकांना विचारत सुटायचे. पानठेल्यावाला, बँकेतला शिपाई, नागपूरच्या गाडीचा कंडक्टर, कोणीही चालायचा. त्याच्या पायाकडे बघत म्हणायचे, "हे तुमी घालून राह्यले, चावत नाई ना? टाच झिजते का?" तो बिचारा एक पाय वर करून टाच दाखवायचा. एवढं सगळं करून भाऊ शेवटी जुनीच चप्पल शिवून आणायचे. फ्रिजचा विचार तर त्यांनी इतका लांबवला की वहिनींनी कंटाळून माठाला नवी तोटी बसवून घेतली आणि घरात तो विषय कायमचा बंद करून टाकला.

अशा माणसावर एचडी कॅमेरा घ्यायचा की नाही हे ठरवायची वेळ आली. त्याचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला झाला असेल तर मला.

पांढरकवड्याला मेन रोडवर माझं ब्युटी पार्लर होतं आणि शेजारी भाऊंचा फोटो स्टुडिओ. मधे नुसती प्लायवूडची भिंत. मी एखाद्या बाईच्या भुवया कोरत बसले असले की पलीकडून भाऊंचा आवाज यायचा, "मान जराशी खाली, अजून खाली, आता हसा... एवढं नोको." लग्नाच्या दिवसांत आमचं काम जोडीनंच चालायचं. नवरी मी तयार करायची आणि शूटिंग भाऊंनी करायचं. लोक आम्हाला बोलावतानाही एकत्रच बोलवायचे.

भाऊ उंच, वाळलेले, आणि ऐन वैशाखातही अंगात खिशा-खिशांचं जाकीट. त्या खिशांत काय नव्हतं? सेल, कॅसेटी, पेचकस, बडीशेप, नवरदेवाचं नाक पुसायला रुमाल. लग्नघरी ते पंगतीला बसायचे नाहीत. डब्यातून भाकर आणि मिरचीचा ठेचा आणायचे आणि मांडवाच्या मागे उभ्यानं खायचे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "ताई, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या बायकोचे डोये बंद असलेले फोटो काढून टाकता येत नाईत. मग लोक म्हणतात, जेवला अन झोपला." या वाक्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण भाऊंची बरीच वाक्यं अशीच असायची.

विदाईच्या वेळी तर त्यांचा अंमलच असायचा. नवरीचा मामा रडत असला आणि मधे कोणी आलं, तर भाऊ सरळ म्हणायचे, "मामा, पुन्हा एकडाव." आणि मामा पुन्हा रडायचा. खरंखुरं रडायचा, हे विशेष. नंतर स्टुडिओत बसून भाऊ नवरानवरीला गुलाबाच्या फुलात बसवायचे, सफरचंदातून बाहेर काढायचे, धबधब्यासमोर उभं करायचे. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी जोडप्यांनी धबधबा तेवढाच पाहिलेला आहे.

त्यांचा जुना कॅमेरा खांद्यावर घ्यायचा होता, चांगला जडशीळ. त्याच्यासोबत तो भगभगीत हॅलोजनचा लाइट. माझ्या मेकअपचं त्या लाइटखाली लोणी व्हायचं, त्यावरून आमची भांडणं ठरलेली. पण त्या जोडीचा एक गुण होता. चेहऱ्यावरचे डाग, साडीवरचे डाग, मांडवाचं फाटकं कापड, सगळं त्या उजेडात विरघळून जायचं. जे पिवळं असेल ते सोन्यासारखं झळकायचं. दोष होता तो पांढऱ्याचा. आमच्या बौद्ध समाजात लग्नाला पांढरी साडी. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट लावली की पडद्यावर एक ट्यूबलाइट चालत येते, तिला वरून फक्त डोकं आहे. भाऊंना याचं फार वाईट वाटायचं. "तुमच्या लोकायचं लगन मले कधी साधलंच नाई, ताई," असं ते दरवेळी म्हणायचे.

मग बसस्टँडजवळ नवा स्टुडिओ निघाला आणि त्यानं हा मोठा बोर्ड लावला की येथे एचडी शूटिंग केले जाईल. आठवड्याभरात भाऊंकडे येणारा माणूस विचारायला लागला, "भाऊ, तुमच्याकडे एचडी हाये का?" एचडी म्हणजे काय हे विचारणाऱ्याला ठाऊक नसायचं. एकजण तर वाजंत्रीचाच काही प्रकार समजून बसला होता. पण नाही म्हटलं की माणूस बसस्टँडकडे जायचा.

ती वर्षंही वाईट होती. कापसानं दोन हंगाम लागोपाठ दगा दिला होता. पानं लाल पडून झाडं उभ्या उभ्या वाळायची, त्याला सगळे लाल्या म्हणायचे. लग्नं होतच होती, ती काही थांबत नाहीत, पण मांडव लहान झाले होते. लोक मला आधीच सांगून ठेवायचे, "ताई, फक्त नवरीलेच तयार करा, बाकीच्या आमच्या आमी पाहून घेऊ." अशा दिवसांत एवढा महागाचा कॅमेरा घ्यायचा आणि तो अंगावर पडला तर स्टुडिओच जायचा. न घ्यावा तर गिऱ्हाईक जातंय आणि तरीही स्टुडिओ जायचाच. भाऊंची पाहणी पुन्हा सुरू झाली. सकाळी दुकान उघडलं की प्लायवूडवर टकटक व्हायची.

"ताई, तुमी सांगा. घेऊ का?"

"घ्या."

"पण पाहाचं कुठं? गावोगावी टीव्ही तं डब्बेच हायेत. डब्ब्यात एचडी टाकली तं ते डब्बाच दाखवीन ना?"

"मग नका घेऊ."

"असं कसं म्हणता? धंदा बुडून राह्यला ना."

मी ब्लीच कालवत असायची. एकदा वैतागून म्हटलं, भाऊ, आता पुढचा प्रश्न विचारलात तर हे तुमच्या मिशीला लावीन. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न माझ्याकडे बसलेल्या नवरीला विचारला.

अखेर निकालाची वेळ एका लग्नानं आणली. केळापूरकडच्या एका खेड्यातली मुलगी, तिच्या घरातली सगळी लग्नं भाऊंनीच शूट केलेली. नवरदेव बोरी अरबचा. त्याचा धाकटा भाऊ हैदराबादला कंपनीत होता. त्यानं घरी मोठा चपटा टीव्ही आणून ठेवला होता आणि शूटिंग एचडीच पाहिजे असा निरोप धाडला होता. मुलीचे वडील भाऊंकडे येऊन नुसतेच बसले. दुसरीकडे जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मग भाऊंनी नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन करून नमुन्याचा कॅमेरा मागवला. एक लग्न करून बघा, पटलं तर ठेवा, असं त्याचं म्हणणं पडलं.

त्याच आठवड्यात मुलीची आई माझ्याकडे आली होती. पार्लरमधे दुसऱ्या बाया होत्या म्हणून ती बराच वेळ केसांच्या पिनाच बघत राहिली. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "बाई, तुमच्याकडचे ते भाड्याचे दागिने... खरे वाटले पाहिजेत." साक्षगंधाला ठरलं होतं की मुलगी आईची सोन्याच्या मण्यांची एकदाणी आणि लांब हार घालून सासरी येईल. एकदाणी आणि हार दोन्ही गहाण पडले होते. कापसाचं जमलं की सोडवून आणू आणि मुलीच्या गळ्यात घालू, तोवर कोणाला कळता कामा नये. कळलं तर मुलीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, एवढंच ती म्हणाली. मी माझ्याजवळचे सगळ्यात चांगले पॉलिशचे दागिने काढून दिले. त्या काळात निम्म्या नवरी मुलींच्या गळ्यात माझंच सोनं असायचं. भाऊ माझा तो हार कितीतरी लग्नांत बघत आले होते, त्यांनी चकार शब्द कधी काढला नव्हता.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाखाली उभं राहवेना. मी नवरीला बसवून कपाळावरची टिकली सारखी करत होते, तेवढ्यात भाऊ आत आले. नवा कॅमेरा छातीशी धरलेला, चेहरा उतरलेला.

"ताई, हे दिसून राह्यलं ना बाप्पा."

मी त्या छोट्या पडद्यात पाहिलं. नवरीच्या गळ्यावर घामानं एकदाणीचा काळपट हिरवा पट्टा उमटला होता. हाराचं पॉलिश दोन-तीन मण्यांवर गेलेलं, आणि त्याची कडी तुटू नये म्हणून मी बांधलेला पिवळा दोरासुद्धा स्पष्ट दिसत होता. डोळ्यांनी बघायला गेलं तर एवढं लक्षात येत नव्हतं. मी गळा पुसला, पावडर लावली, पदर वर ओढून पिन मारली. पण अंतरपाट दूर झाला, मुलीनं माळ घालायला हात वर केले आणि पिन सुटली. भाऊंनी मग कॅमेरा इकडे-तिकडे वळवून पाहिला. भटजींचं कोपर, वऱ्हाड्यांची नाकं, मांडवाचा बांबू, असं बरंच काही त्यांनी घेतलं. पण नवरीशिवाय लग्नाचं शूटिंग किती वेळ होणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही दोघांनी तिथल्या चपट्या टीव्हीला कॅमेरा जोडला. भाऊ स्टूल ओढून पडद्याला नाक लावून बसले. अक्षता पडत होत्या त्या एकेक वेगळ्या दिसत होत्या. मुलीच्या मेंदीतली बारीक रेघ, आजीच्या हातावरचं गोंदण, पांढऱ्या धोतराचा एकेक धागा, सगळं जागच्या जागी. "पांढरं उडालं नाई, ताई," भाऊ पुटपुटले. "पाहा ना, धोतर धोतरासारखं दिसते." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. मग नवरीचा गळा आला आणि त्यांनी घाईनं टीव्ही बंद केला.

"हे त्या पोरीच्या सासरी कसं देऊ?" ते म्हणाले. "टीव्ही लावून सबन गाव बोलावतीन. सासूच्या बहिणी, नणंदा, शेजारच्या बाया. घटकाभर पाह्यलेलं माणूस इसरून जाते हो. हे तं लावलं की पुन्हा दिसते."

मग त्यांनी जे केलं ते कुठलाही शहाणा शूटिंगवाला करणार नाही. एवढ्या भारी कॅमेऱ्यातलं चित्र त्यांनी आपल्या जुन्या व्हीसीआरवर उतरवलं. तिथून पुन्हा दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं. चित्र चांगलं धुरकट झाल्यावर, गळ्यातलं सगळं एकजात पिवळंधमक दिसायला लागल्यावर, त्याची डीव्हीडी केली. वर गुलाब आणि धबधबा घातला. ती बोरी अरबला पोचली तसा धाकट्या दिराचा फोन आला. तो इतक्या जोरात बोलत होता की मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. ही कसली एचडी, फसवलंत, मूळची कॅसेट घ्यायला माणूस येतोय.

माणूस आला तो नवरदेवाचा बाप. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी, एसटीच्या धुळीनं भरलेला. मी हातातलं काम टाकून स्टुडिओत जाऊन उभी राहिले. माझे दागिने होते ते, मला कुठलं चैन पडणार.

"मले ते असली पाह्यचं हाये," ते म्हणाले.

भाऊंनी बरीच टाळाटाळ केली. कॅसेटमधे घोळ झाला, हेड खराब होतं, बॅटरी नाही. म्हातारा बसूनच राहिला. शेवटी भाऊंनी कॅमेऱ्याचाच छोटा पडदा उघडून त्यांच्या पुढे धरला. अक्षता झाल्या. नवरीचा गळा दिसायला लागला तसा भाऊंचा अंगठा बटणावर गेला.

"राहू द्या," म्हातारा म्हणाला.

त्यांनी विदाईपर्यंत सगळं पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. पिनांकडे बघत उभ्या राहिलेल्या त्या आईचा चेहरा मला दिसत होता.

"हे मले मांडवातच दिसलं होतं," ते म्हणाले. "मी बी कास्तकार हाये. लाल्या काई त्याईच्याच वावरात आला नाई." मग म्हणाले, "माह्या घरचीच्या गयात काय होतं ते नाई पाह्यलं तुमी?"

भाऊंनी कॅसेट मागे फिरवली. नवरदेवाची आई ओवाळत होती. तिच्या गळ्यातल्या मण्यांवरचं पॉलिश उडालेलं होतं, माझ्या हारापेक्षाही जास्त. आम्ही दोघांनी ते लग्न मांडवात पाहिलं होतं, टीव्हीवर पाहिलं होतं आणि नवरीच्या गळ्यावरून नजर बाजूला गेली नव्हती.

"दारव्ह्याहून आणलं होतं भाड्यानं," म्हातारा म्हणाला. "धाकट्या पोट्ट्याले हे ठाव नाई. तो म्हणते, टीव्हीवर लावतो अन सबन्याले दाखवतो. माही सून चांगली हाये, भाऊ. घरात आली तशी घरचीच झाली. हे पुसून टाका, पोट्ट्याले मी सांगतो खराब झाली म्हणून. अन तिच्या बापाले सांगू नोका, का मले दिसलं म्हणून."

भाऊंनी कॅमेऱ्याचा पडदा मिटला. मग कामाचंच बोलले. "पुसाले काई मशीन नाई, दाजी. याच्यावर दुसरं भरा लागते."

"काय भराचं?"

"काईबी."

"मग रस्ता भरा," म्हातारा म्हणाला.

भाऊंनी कॅमेरा स्टुडिओच्या पायरीवर स्टूल ठेवून त्यावर लावला आणि बटण दाबलं. कॅसेट तासाची होती. कोणी मधे येऊ नये म्हणून आम्ही तिघं मागे बाकावर बसलो आणि चहा घेतला. समोरून हैदराबादचे ट्रक जात होते, कापसाचे बोरे भरलेली एक मेटॅडोर गेली, शाळेच्या मुली सायकली हातात धरून बोलत चालल्या होत्या. एका बकरीनं पानठेल्यावरचं काहीतरी खाल्लं आणि पळाली. पाऊसपाणी, पोरीची तब्येत, दारव्ह्याचा रस्ता, म्हातारा निवांत बोलत बसला. एसटीची वेळ झाली तसे उठले. कॅमेऱ्यासमोरून जायच्या आधी त्यांनी टोपी घातली आणि सारखी केली.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला ती कॅसेट दाखवली. आपला रोजचा रस्ता, पण तो तसा मी कधी पाहिला नव्हता. डांबराला चिकटलेला कापूस दिसत होता. मुलींच्या वेण्यांच्या रिबिनी दिसत होत्या. म्हातारा रस्ता ओलांडून गेला तेव्हा त्याच्या सदऱ्याला पाठीवर घातलेलं ठिगळ दिसलं, इतकं नीट शिवलेलं की कोणीतरी जीव लावून शिवलं असणार. भाऊ म्हणाले, "कॅमेऱ्याची काई चुकी नाई, ताई. त्यानं तं सासूचंबी दाखवलं होतं. आपणच पोरीकडे पाहून राह्यलो होतो."

मी काही विचारायच्या आत म्हणाले, "घेतो मी हा."

शेवटच्या घडीला कोणाला काही न विचारता भाऊंनी घेतलेली ती एकच वस्तू. व्यापाऱ्याचा विश्वास बसेना, त्यानं खात्री करायला मलाच फोन केला. त्याच दिवशी भाऊंनी माझ्याकडून जाळीच्या ओढणीचा एक तुकडा मागून नेला. जिथं आई-बापाचा चेहरा बघून त्यांना गरज वाटायची, तिथं ते भिंगावर ती जाळी ताणून रबर लावायचे. चित्र मऊ व्हायचं, सोनं सोनं दिसायचं. आमच्या लोकांच्या लग्नात मात्र जाळी काढून ठेवायचे. बसस्टँडवाला पोरगा सगळीकडे सांगत फिरायचा की म्हातारा एवढा महाग कॅमेरा घेऊन त्याला घुंघट घालतो. लोक हसायचे. मी सुद्धा हसायची, पण जाळी मळली की नवा तुकडा कापून द्यायची.

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. हल्ली नवऱ्या येतात त्या फोनमधे स्वतःच चेहरा गुळगुळीत करून घेतात. त्या तसं करताना बघितलं की मला भाऊंची फार आठवण येते, आणि कोणाला सांगावं हे कळत नाही.

त्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी असेल, माझ्याकडे दोन बाया आल्या. एक ती मुलगी, कडेवर लेकरू, आणि सोबत तिची सासू. धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं. दोघी माझ्या आरशासमोर बसून दागिने निवडायला लागल्या. सून सासूच्या गळ्याला हार लावून बघत होती आणि म्हणत होती, "आत्याबाई, हा नोको, हा लय चमकते, याच्यात खोटा वाटते." सासू हसत होती. लेकरू मणी तोंडात घालायला बघत होतं. दागिने ठरल्यावर दोघी शेजारी गेल्या, मी पण गेले.

"शूटिंग तुमीच कराचं, भाऊ," सासू म्हणाली. "पोट्टा म्हणते बसस्टँडवाल्याले सांगू. म्या म्हटलं, नाई. त्याचा कॅमेरा लय चांगला हाये म्हणतात, सबन दिसते त्याच्यात."

भाऊंजवळ त्यापेक्षा भारी कॅमेरा होता. त्यांनी लग्नाची तारीख विचारून घेतली आणि दोघींसाठी चहा सांगितला.